पांढऱ्या भिंतीमागचं मनिला

आपल्या मंडळातल्या चार-पाच घरांतली मुलं सध्या फिलिपाइन्समध्ये डॉक्टरकी शिकत आहेत. गणपतीच्या आरतीला जमलो की ‘दावाओ’ आणि ‘मनिला’ ही नावं आता पुणे-नाशिकइतक्या सहजतेने कानावर पडतात. पण तिथे जाऊन आलेल्या आईबाबांना विचारावं की काय काय पाहिलंत, तर उत्तर एकच असतं : मॉल. मोठे आहेत, थंडगार आहेत आणि आत भारतीय जेवण मिळतं. मी गेल्या फेब्रुवारीत भाचीकडे आठ दिवसांसाठी निघाले तेव्हा तिनेही फोनवर हेच सांगितलं. “मावशी, बघण्यासारखं फारसं काही नाही गं. मॉल फिरू, एखाद्या बेटावर जाऊन येऊ.”

माझ्याकडे मात्र एका माणसाचं नाव होतं. लिनो ब्रोका. चित्रपट दिग्दर्शक. जन्म १९३९, मृत्यू १९९१, आणि वीसेक वर्षांच्या कारकिर्दीत साठाहून अधिक चित्रपट. त्यांतले बरेचसे पोटापाण्यासाठी काढलेले रडके कौटुंबिक चित्रपट आहेत, हे आधीच सांगून टाकते. पण जे दहा-बारा त्याने मनापासून केले, त्यांतले काही मी वडोदऱ्यात बसून पाहिले होते आणि त्यांतलं मनिला माझ्या डोक्यातून जात नव्हतं. तेव्हा ठरवलं, बेट राहू दे. या माणसाच्या बोटाला धरून शहर पाहू.

पहिल्या संध्याकाळी आम्ही रोहास बुलेव्हार्डवर गेलो. उपसागराच्या कडेने जाणारा हा रस्ता म्हणजे तिथला मरीन ड्राइव्ह. सूर्यास्ताची एवढी कीर्ती का, ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. रस्त्यापलीकडे समुद्र बुजवून काढलेल्या जमिनीवर भल्यामोठ्या करड्या इमारती उभ्या आहेत. १९६९ साली उघडलेलं कल्चरल सेंटर, १९७६ सालचं आंतरराष्ट्रीय कन्व्हेन्शन सेंटर. त्या काळी फर्दिनांद मार्कोस राष्ट्राध्यक्ष होते आणि त्यांच्या पत्नी इमेल्डा यांना शहर सुंदर करण्याचा ध्यास लागला होता. सप्टेंबर १९७२ मध्ये लष्करी कायदा पुकारला गेला होता, त्यामुळे कुणी विरोध करण्याचा प्रश्न नव्हता. आपल्या आणीबाणीने एकवीस महिन्यांत केवढी उलथापालथ केली ते आईवडिलांनी तुम्हाला सांगितलं असेल. मनिलात तो कायदा कागदोपत्रीसुद्धा जानेवारी १९८१ पर्यंत टिकला.

ऑक्टोबर १९७६ मध्ये जागतिक बँक आणि नाणेनिधीची वार्षिक बैठक मनिलात भरली. कन्व्हेन्शन सेंटर तिच्यासाठीच घाईघाईने उभं केलेलं. पाहुण्यांच्या नजरेला खुपू नयेत म्हणून काही वस्त्या उठवल्या गेल्या आणि जिथे ते जमलं नाही तिथे रस्त्याकडेने भिंती-कुंपणं उभारून पांढरा रंग दिला गेला. पाहुणे यायचे म्हटले की रस्त्याच्या कडेला काय काय उगवतं, हे आपल्यालाही सांगायला नको. मात्र त्याच १९७६ च्या डिसेंबरात, तिथल्या चित्रपट महोत्सवात, ब्रोकाचा ‘इन्सियांग’ पडद्यावर आला. तो घडतो तोंदोच्या झोपडपट्टीत. ज्या गोष्टीपुढे सरकारने भिंत बांधली होती, तीच गोष्ट याने दोन महिन्यांत वीस फुटी करून दाखवली.

हे मी भाचीला सांगत होते तेव्हा ती समोर बोट दाखवून म्हणाली, “आणि ती इमारत भुताची आहे. सगळे म्हणतात.” ते फिल्म सेंटर. जानेवारी १९८२ च्या आंतरराष्ट्रीय महोत्सवासाठी रात्रंदिवस तीन पाळ्यांत बांधलेलं. १७ नोव्हेंबर १९८१ ला त्याची परांची कोसळली आणि कामगार ओल्या काँक्रीटमध्ये पडले. किती मेले यावर आजही एकमत नाही. महोत्सव ठरल्या तारखेला झाला. गंमत म्हणजे (गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही) ब्रोकाच्या १९७५ सालच्या चित्रपटात बांधकामावरचा एक तरुण मजूर उंचावरून पडून मरतो. मग लोकांना त्या इमारतीत भुतं दिसली तर नवल कसलं?

दुसऱ्या दिवशी इन्त्रामुरोस. स्पॅनिश लोकांनी बांधलेलं हे तटबंदीच्या आतलं जुनं मनिला. तिथल्या फोर्ट सँटियागोत शाळांच्या सहली येतात त्या होसे रिझालसाठी. फिलिपिनो स्वातंत्र्याच्या या नायकाला १८९६ मध्ये इथल्याच कोठडीत ठेवलं होतं आणि ३० डिसेंबरला इथून चालवत नेऊन गोळ्या घातल्या. कोठडीपासून त्या मैदानापर्यंत त्याची पावलं पितळेने जमिनीत उमटवली आहेत. त्यांच्यावरून चालायला मला धजवेना, बाजूने चालले.

पण मला हवं होतं ते किल्ल्यातलं एक पडकं आवार. रजा सुलेमान थिएटर. हो, ‘रजा’ म्हणजे आपला राजाच. स्पॅनिश येण्यापूर्वी इथे राज्य करणाऱ्या सुलेमान राजाचं नाव. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या भिंतींच्या मध्ये हे उघडं नाट्यगृह केलं होतं. १९६७ मध्ये सेसिल गिडोटे या तरुण बाईंनी ‘पेटा’ नावाची नाट्यसंस्था काढली (प्राण्यांची पेटा ती वेगळी) आणि इथे तागालोग भाषेतली नाटकं सुरू केली. तोवर शिकलेल्यांचं नाटक म्हणजे इंग्रजी. लष्करी कायदा आल्यावर गिडोटेंना देश सोडावा लागला आणि संस्थेची धुरा ब्रोकाकडे आली. पोटासाठी चित्रपट, जिवासाठी नाटक, असं त्याचं चाले. त्याच्या चित्रपटांतले कितीतरी चेहरे या पेटामधले आहेत. आम्ही गेलो तेव्हा तिथे कुणी नव्हतं. एक मांजर पायरीवर पाय चाटत बसलं होतं.

तिथल्या सावलीत बसून मी भाचीला त्याच्या लहानपणाबद्दल सांगितलं. जन्म सोर्सोगोन प्रांतातल्या पिलार या गावचा. वडिलांचा राजकीय वैरातून खून झाला तेव्हा लिनो अगदी लहान. आई शिक्षिका. दोन मुलांना घेऊन ती आपल्या माहेरच्या प्रांतात, नुएवा एसिहात, नातेवाइकांकडे आली. आश्रित म्हणून राहण्याचे दिवस कसे असतात ते मराठी कादंबऱ्या वाचणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. मुलगा हुशार निघाला, शिष्यवृत्तीवर विद्यापीठात गेला, नाटकात रमला. मग एकाएकी मॉर्मन पंथात गेला आणि प्रचारक म्हणून हवाई बेटांवर रवाना झाला. तिथल्या एका ठिकाणाकडे मी पुढे येणारच आहे.

तिसरा दिवस ओंगपिन रस्त्याचा. हलक्या रेल्वेने कारिएदो स्टेशनला उतरायचं आणि चालत जायचं. बिनोंदो हा जगातला सगळ्यात जुना चायनाटाउन म्हणवतो, १५९४ पासूनचा. सोन्याची दुकानं, औषधी मुळ्यांच्या बरण्या, मुगाचं पुरण भरलेले होपिया नावाचे छोटे गोळे (पुरणपोळीचे दूरचे चुलतभाऊ), डोक्यावर विजेच्या तारांचं जंजाळ आणि मधूनच टापा वाजवत येणारा टांगा. त्याला तिथे कालेसा म्हणतात. ब्रोकाच्या ज्या चित्रपटासाठी मी इथे आले होते त्याचं नाव लांबलचक आहे : ‘मायनिला सा मांगा कुको नांग लिवानाग’. अर्थ, प्रकाशाच्या नखांत सापडलेलं मनिला. एदगार्दो रेयेस यांच्या कादंबरीवरून १९७५ मध्ये काढलेला. छायाचित्रण माइक दे लिओनचं, जो पुढे स्वतः मोठा दिग्दर्शक झाला.

गोष्ट साधी आहे. मारिंदुके बेटावरचा हुलिओ नावाचा कोळी. त्याच्या गावातल्या लिगायाला एक बाई शहरात शिक्षण आणि नोकरी देते म्हणून घेऊन जाते आणि मग पत्रं यायची थांबतात. हुलिओ तिला शोधायला मनिलात येतो. लिगायाचं पूर्ण नाव लिगाया पाराइसो, म्हणजे आनंद स्वर्ग. अशा नावाच्या मुलीचं शहरात काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच. पैसे संपल्यावर हुलिओ इमारतीच्या बांधकामावर लागतो. तिथे पगाराच्या कागदावर एक आकडा आणि हातात पडतो त्याहून कमी. सही मात्र कागदावरच्या आकड्यापुढे करायची. चित्रपट पाहताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या सोसायटीच्या मागे नवीन टॉवर बांधणारे दाहोद-झाबुआचे मजूर येत होते. त्यांचा कागद कसा असतो, मला माहीत नाही. आजवर कधी विचारलंही नव्हतं.

चित्रपटाची सुरुवात कृष्णधवल आहे. पहाटेचं मनिला, रस्ते झाडणारे, दुकानं उघडणारे. जवळजवळ माहितीपटच. मग हुलिओ मिसेरिकोर्दिया रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून वरच्या एका खिडकीकडे बघत असतो आणि या सगळ्यात कधीतरी चित्र रंगीत होतं. त्या रस्त्याचं नाव आता बदललं आहे. मिसेरिकोर्दिया म्हणजे स्पॅनिशमध्ये दया. तो कोपरा आम्ही नकाशा उलटसुलट करून शोधला. समोर दागिन्यांची दुकानं, दारात बंदूकधारी पहारेकरी. वर बंद खिडक्या होत्या आणि वातानुकूलन यंत्रांचं पाणी टपटप खाली पडत होतं. भाची म्हणाली, “इथे दोन मिनिटं उभं राहायचं ना? त्याच्यासारखं?” आम्ही राहिलो. दुसऱ्या मिनिटाला पहारेकऱ्याने काय हवं म्हणून विचारलं.

पहारेकऱ्यांवरून आठवलं. मनिलात प्रत्येक दारात पहारेकरी असतो. बँकेत, मॉलमध्ये, बर्गरच्या दुकानात, भाचीच्या वसतिगृहात. पांढरा शर्ट, काळी पँट, हातातल्या काडीने पिशवी उघडून बघणार आणि ‘गुड मॉर्निंग, मॅम’ म्हणणार. ब्रोकाचा १९७९ चा ‘जॅग्वार’ अशाच एका पहारेकऱ्यावर आहे. तागालोगमध्ये पहारेकऱ्याला ‘ग्वार्द्या’ म्हणतात. पोरं तो शब्द उलटा करून ‘द्याग्वार’ करतात, आणि त्याचा झाला जॅग्वार. श्रीमंत मालकाच्या मुलाने जरा खांद्यावर हात ठेवला म्हणून आपण त्यांच्यातले झालो, असं वाटणारा हा गरीब मुलगा, आणि जेव्हा गोष्ट अंगाशी येते तेव्हा तो कुणाचाच नसतो. १९८० मध्ये हा चित्रपट कानच्या मुख्य स्पर्धेत होता. तिथवर पोचलेला पहिला फिलिपिनो चित्रपट. त्याआधी १९७८ मध्ये ‘इन्सियांग’ कानला दाखवला गेला होता, तोही देशातला पहिलाच. आठव्या दिवशी निघताना मी पाहिलं, भाचीने वसतिगृहाच्या पहारेकऱ्याला त्याच्या मुलीची परीक्षा कशी झाली ते विचारलं. हे ती नेहमी करत असेलही.

तोंदोला आम्ही दोघीच गेलो नाही. भाचीच्या घरमालकीणबाई बरोबर आल्या. त्यांना सगळी मुलं ‘आते’ म्हणतात. तागालोगमध्ये आते म्हणजे थोरली बहीण. आमच्या भाचीला मात्र आत्या म्हटल्यासारखंच वाटतं आणि बाईंचं वयही आत्याचंच आहे. दिविसोरियाच्या बाजारापर्यंत जीपनी. अमेरिकन सैन्याने युद्धानंतर मागे टाकलेल्या जीप लांब करून त्यांची ही सार्वजनिक वाहनं झाली. समोरासमोर दोन बाकं, चालकापर्यंत भाडं प्रवाशांच्या हातोहात जातं आणि सुटे तसेच हातोहात परत येतात. एक पेसोही मध्ये अडकत नाही. दिविसोरिया म्हणजे आपल्या मंगळ बाजाराला दहाने गुणा. त्याच्या पलीकडे तोंदो.

तोंदो हा काही नुसता झोपड्यांचा भाग नाही. स्पेनविरुद्धच्या बंडाचा पुढारी आंद्रेस बोनिफासिओ इथलाच. पण बंदर जवळ असल्यामुळे युद्धानंतर गावोगावचे लोक इथे येऊन साठत गेले. ब्रोकाचा ‘इन्सियांग’ इथल्या गल्ल्यांतच चित्रित झाला. त्याची पहिली दृश्यं कत्तलखान्यातली आहेत. डुकरं, रक्त, वाफ. डोळे मिटले तरी आवाज येतो. तिथून कॅमेरा वस्तीत जातो. इन्सियांग ही कष्टाळू, गप्प मुलगी. तिची आई नवऱ्याने टाकलेली, जिभेने कडू. मोना लिसा नावाच्या अभिनेत्रीने (पडद्यावरचं तिचं तेच नाव) ही आई अशी केली आहे की तिचा राग राग करता करता कधी तिची कीव यायला लागते ते कळत नाही. सुरुवातीलाच ती नवऱ्याच्या नातेवाइकांना घराबाहेर काढते. नंतर स्वतःहून तरुण अशा एका कसायाला घरात आणते आणि पुढचं सगळं त्या एका खोलीत घडतं. खोलीला भिंती अशा की शेजाऱ्याचा खोकलाही ऐकू यावा. मुलीवर अत्याचार होतो तेव्हा आई कुणाची बाजू घेते, ते पाहून मी तिथेच चित्रपट थांबवला होता. दुसऱ्या दिवशी पुढचा पाहिला.

आता तिथल्या कितीतरी घरांना पक्क्या भिंती आहेत, मोठमोठ्या सरकारी चाळीही उभ्या आहेत. तरी एका गल्लीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या निळ्या पिंपांची रांग होती आणि एक मुलगी पाइप एका पिंपातून दुसऱ्यात बदलत उभी होती. आतेंनी हाक मारून तिला काहीतरी विचारलं, तिने हसून उत्तर दिलं. आम्ही फोटो काढला नाही. आते परतताना म्हणाल्या की त्यांच्या लहानपणी त्या अशाच एका गल्लीत राहत होत्या, मात्र तो चित्रपट त्यांनी अजून पाहिलेला नाही. आणि बघायचाही नाही.

यावर मी बराच विचार केला. जे लोक त्या भिंतीमागे राहिले त्यांना ते पडद्यावर बघायची हौस नसते. बघायला हवं ते भिंतीच्या या बाजूच्यांनी. ब्रोकाला हे कळत होतं, म्हणून तर तो नाक मुरडणाऱ्या कलावंतांसारखा राहिला नाही. ज्या प्रेक्षकाला रडायला आवडतं, गाणी आवडतात, नोरा औनोरसारखी लाडकी नटी आवडते, त्यालाच त्याने हे सगळं त्याच्या आवडीच्या वाटेने दाखवलं. नोराने स्वतः निर्माती होऊन त्याच्याकडून १९८० मध्ये ‘बोना’ करून घेतला. तो चित्रपट एका दुय्यम नटाच्या नादाने घर सोडणाऱ्या वेड्या चाहतीचा आहे. म्हणजे तिच्याच चाहत्यांचा.

एक दिवस पाऊस आला, अवेळी, फेब्रुवारीत. आम्ही घरातच राहिलो आणि लॅपटॉपवर १९७४ चा ‘तिनिम्बांग का न्गुनित कुलांग’ पाहिला. नाव बायबलमधून घेतलं आहे : तुला तोललं, पण तू कमी भरलास. एक लहान गाव, तिथले प्रतिष्ठित लोक, चर्च, मिरवणुका. आणि गावाबाहेर दोन माणसं. एक वेडी कुआला आणि एक कुष्ठरोगी बेर्तो. लोलिता रॉड्रिग्ज आणि मारिओ ओ’हारा. गावच्या एका बड्या घरचा मुलगा या दोघांशी मैत्री करतो आणि त्याला हळूहळू कळत जातं की कुआला वेडी का झाली, आणि त्याच्या स्वतःच्या घराचा तिच्याशी काय संबंध आहे. गाव तोललं जातं आणि कमी भरतं.

भाची डॉक्टर होणार, त्यामुळे तिचं लक्ष बेर्तोच्या हातांवर. म्हणाली, “आज हा माणूस गोळ्यांनी बरा झाला असता. पहिल्या डोसनंतर थोड्याच दिवसांत त्याच्यापासून लागणही होत नाही.” बरोबर आहे. बहुविध औषधोपचार आले ते ऐंशीच्या दशकात. पण ब्रोकाने हा माणूस कुठून आणला? मघाशी राहिलेली गोष्ट ती ही. मॉर्मन प्रचारक म्हणून तो हवाईतल्या मोलोकाई बेटावर कालाउपापा या वसाहतीत राहिला होता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला आभाळाला भिडलेले कडे, आणि मध्ये कुष्ठरोग्यांना आणून सोडण्याची जागा. १८६६ पासून लोकांना तिथे पाठवत होते. सक्तीने वेगळं ठेवण्याचा कायदा गेला तो थेट १९६९ मध्ये. तिथे काही काळ त्या माणसांत काढून तो परत आला, पंथाचा प्रचार मागे पडला, बेर्तो मात्र बरोबर आला.

हे बोलत असताना माझ्या मनात सारखं वरोरा येत होतं. आपल्यापैकी कितीतरी जण सुट्टीत आनंदवनात जाऊन आलो आहोत. बाबा आमटेंची ती गोष्ट आठवते ना, गटारीत पडलेल्या कुष्ठरोग्याला पाहून ते भिऊन पळाले आणि मग त्या भीतीचीच त्यांना लाज वाटली? दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा रोहास बुलेव्हार्डवर गेलो, यावेळी मॅगसेसे सेंटरसाठी. विमान अपघातात गेलेल्या रामोन मॅगसेसे या राष्ट्राध्यक्षांच्या नावाने १९५८ पासून पुरस्कार दिले जातात आणि पहिल्याच वर्षीच्या यादीत आपले विनोबा आहेत. पुढच्या वर्षी चिंतामणराव देशमुख. नंतर आरोळे दांपत्य, पांडुरंगशास्त्री, प्रकाश-मंदाकिनी आमटे. मराठी घरांत मनिलाचं नाव पहिल्यांदा पोचलं ते डॉक्टरकीमुळे नव्हे, या पुरस्कारामुळे. आणि १९८५ ची यादी मी भाचीला मोबाइलवर काढून दाखवली. लोकसेवेसाठी मुरलीधर देवीदास आमटे. पत्रकारिता, साहित्य आणि संवादकलेसाठी लिनो ब्रोका. दोघं एकाच वर्षी. एकाने कुष्ठरोग्यांचं गाव वसवलं, दुसऱ्याने त्यांच्यातला एक माणूस पडद्यावर आणून ठेवला. दोघांना एकमेकांचं काय ठाऊक होतं, कोण जाणे. पण त्या पायऱ्यांवर उभं राहून मला उगीचच माहेरी आल्यासारखं वाटलं.

त्या १९८५ सालच्या जानेवारीत ब्रोका तुरुंगात होता, हेही सांगायला हवं. जीपनी चालकांनी संप केला होता. त्यांच्या पाठिंब्याच्या निदर्शनांतून त्याला उचललं आणि सोळा दिवस आत ठेवलं. राजद्रोहाला चिथावणी दिल्याचा खटला लावला. त्याच्या आदल्या वर्षी त्याचा ‘बायान को’ कानच्या स्पर्धेत होता. त्याची रिळं गुपचूप देशाबाहेर न्यावी लागली होती. मायदेशी सेन्सॉरने अडवल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. या चित्रपटाचं दुसरं नाव ‘कापित सा पातालिम’, एका तागालोग म्हणीवरून. आपल्याकडे बुडत्याला काडीचा आधार असतो. त्यांच्याकडे अडलेला माणूस सुरीचं पातं धरतो. छापखान्यातला एक कामगार, गरोदर बायको, कामगार संघटनेत जाणार नाही अशी मालकाला दिलेली सही, आणि मग इस्पितळाचं बिल. काडी आणि पातं यांतला फरक चित्रपट पाहताना तळहाताला जाणवतो.

त्यांच्या भाषेत गरिबाला ‘दुखा’ असाही शब्द आहे. आपलंच दुःख, समुद्रापार जाऊन गरिबी झालेलं. ‘आसा’ म्हणजे आशा, ‘मुखा’ म्हणजे चेहरा, ‘गुरो’ म्हणजे शिक्षक. हजार वर्षांपूर्वी जहाजांतून गेलेले हे शब्द. भाची दोन वर्षं ते रोज ऐकते आहे, पण ‘दुखा’ तिला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला.

फेब्रुवारी १९८६ मध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि मार्कोस देश सोडून गेले. नव्या राष्ट्राध्यक्षा कोराझोन अकिनो यांनी राज्यघटना लिहिणाऱ्या आयोगावर ब्रोकाला नेमलं. कुणीही सुखावून बसला असता. हा काही महिन्यांत राजीनामा देऊन बाहेर पडला. तरी जाण्याआधी त्याने एक काम केलं. भाषण आणि वृत्तपत्र यांच्या स्वातंत्र्याची हमी देणाऱ्या कलमात त्याने ‘अभिव्यक्ती’ हा शब्द घालायला लावला. तो आजही तिसऱ्या अनुच्छेदाच्या चौथ्या कलमात आहे. मग १९८९ मध्ये त्याने ‘ओराप्रोनोबिस’ काढला, आणि तो अकिनोबाईंच्या काळातल्या सशस्त्र टोळ्यांवर. आपली माणसं सत्तेत आली म्हणून कॅमेरा खाली ठेवायचा, हे त्याला जमलं नाही. तोही चित्रपट देशात दाखवू दिला नाही. राजद्रोहाचा जुना खटला पुढे चालवायला सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली ती डिसेंबर १९९० मध्ये. २२ मे १९९१ ला केसॉन सिटीत त्याची गाडी खांबावर आदळली. वय बावन्न. ‘राष्ट्रीय कलावंत’ हा किताब त्याला १९९७ मध्ये, मरणोत्तर मिळाला.

तुमच्यापैकी कुणाला हे चित्रपट पाहायचे असतील तर एवढं सांगते. ‘मायनिला’, ‘इन्सियांग’ आणि ‘बोना’ यांच्या प्रती गेल्या काही वर्षांत नव्याने दुरुस्त झाल्या आहेत आणि स्वच्छ दिसतात. जुन्या फिकट प्रती इंटरनेटवर फिरतात, त्या टाळा. सुरुवात ‘तिनिम्बांग’पासून करा. तो आजी-आजोबांबरोबरही बघता येईल, मध्ये दोन-तीन ठिकाणी आजी उठून चहा टाकायला जातील एवढंच. ‘मायनिला’ आणि ‘इन्सियांग’ कॉलेजला गेल्यावर, आणि शक्यतो एकट्याने नको. ‘इन्सियांग’चा शेवट मायलेकींच्या भेटीचा आहे, तो मी सांगत नाही. बघून झाला की भाचीला फोन करा. तिचा आता तीनदा पाहून झाला आहे आणि आई तशी का वागली यावर तिचं माझ्याशी अजून भांडण चालू आहे.